चित्रात दाखवल्याप्रमाणे

पत्र तीनच ओळींचं होतं, पण ते लिहायला श्रावस्तीला अख्खी दुपार लागली. पहिल्या ओळीत, 'पानोपानी'ची मराठी माहितीपानं बंद करायला आपली हरकत नसल्याचं. दुसरीत, सहा वर्षं हे काम करायला मिळालं याचं समाधान. तिसरीत नुसते आभार. तिनं ते पुन्हा वाचलं आणि तिला वाटलं, हे आपलं नव्हेच. निरोप समारंभात कुणीतरी माईकवर वाचून दाखवतं तसलं काहीतरी आहे. मार्चचं ऊन समोरच्या पत्र्यावर पडून खोलीच्या छतावर हलत होतं. पाठवायच्या बटणावर तिनं बाण नेऊन ठेवला, आणि तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात एक नवी ओळ उमटली. प्रत्येक पानाच्या तळाशी 'काही अडलं तर इथं लिहा' अशी चौकट तिनंच कधीतरी लावली होती. तिच्यात शेवटचं कुणी काय लिहिलं होतं, ते तिला आठवतही नव्हतं. आता तिथं लिहिलेलं होतं: 'पान सातवर "चित्रात दाखवल्याप्रमाणे करा" हे वाक्य तीन वेळा आलं आहे. चित्रात काय आहे? महांतप्पा, माकणी.'

माकणी. तिनं ते नाव दोनदा वाचलं. लोहारा तालुक्यातली, धरणाजवळची माकणी, धाराशिवहून दोन-अडीच तासांवरची. आपलं लिहिलेलं वाचणारा माणूस आपल्याच जिल्ह्यात असू शकतो हे सहा वर्षांत तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. तिनं घाईनं उत्तर टाकलं, 'चित्र दिसत नाहीये का? नेट कमी असेल तर पान पुन्हा उघडून बघा.' दोन मिनिटांत उलट उत्तर आलं. 'नेट चांगलं आहे. मला दिसत नाही.'

मला दिसत नाही. तिनं ते आधी चित्राबद्दल वाचलं. मग पुन्हा वाचलं, आणि या वेळी ते चित्राबद्दल नव्हतं. कानांच्या पाळ्या तापल्यासारख्या झाल्या. खोलीत कुणी नव्हतं तरी तिनं मागं वळून दाराकडं बघितलं.

'पानोपानी' हा कुणा एकाच्या मालकीचा नसलेला प्रोग्राम. छापील पानाचा फोटो त्याला दिला की तो त्यातली अक्षरं ओळखून सरळ मजकूर तयार करून देतो. कुठंकुठं बसलेल्या पंधरा-वीस माणसांनी तो मिळून बनवलेला. कुणीही घ्यावा, कुणीही बदलावा. कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत श्रावस्ती कंत्राटावर मदतनीस होती. ती त्या कामात आली ती प्रोग्राम लिहायला नव्हे. तो कसा वापरायचा हे मराठीत सांगणारं एकही पान नव्हतं, आणि एका उन्हाळी सुट्टीत तिनं ते लिहून पाठवलं. मग दुसरं लिहिलं. मग एकतीस झाली. मूळ प्रोग्राम बदलला की पान बदलायचं, बटणाचं नाव बदललं की चित्र नव्यानं काढायचं, त्या बटणाभोवती लाल चौकोन काढायचा. त्या लाल चौकोनांचा तिला अभिमान होता. चारही कोपरे एकसारखे गोल, रेघ सगळीकडं तेवढ्याच जाडीची. आपली वाचक एखादी मुलगी असेल, असं तिनं धरून चाललेलं होतं. प्रयोगशाळेत शेवटच्या बाकावर बसलेली, कुणाला विचारायला लाजणारी. म्हणजे पंधरा वर्षांपूर्वीची ती स्वतःच. तिला पडद्याकडं बघून लगेच कळावं म्हणून ते लाल चौकोन. मग आई आजारी पडली, गेली, आणि दोन वर्षं तिनं एकाही पानाला हात लावला नाही. प्रोग्राम पुढं गेला, पानं मागं राहिली. बेंगळुरूहून हे सगळं सांभाळणाऱ्या उमाशंकरनं मागच्या आठवड्यात सगळ्यांना लिहिलं होतं, मराठी पानं महिन्याला अकरा जण उघडतात, ती जुनी आहेत, चुकीची माहिती ठेवण्यापेक्षा काढलेली बरी. कुणाची हरकत असली तर रविवारपर्यंत कळवा. त्यानं तिचं नाव घेतलं नव्हतं. ते तिला जास्त लागलं होतं.

तिनं पत्राची खिडकी बाजूला सारली आणि पान सात उघडलं. चित्र पहिलं: पडदा, वरची पट्टी, लाल चौकोन. ती डोळे मिटून बसली आणि स्वतःला सांगू लागली: वरच्या पट्टीवर जा. वर म्हणजे कुठं? डोळे मिटल्यावर वर काही नव्हतंच. पंख्याचा आवाज होता, आणि आतल्या खोलीत बाबांच्या रेडिओवर बाजारभाव चालले होते. तिनं डोळे उघडले. लाल चौकोन होता तिथंच होता.

बाबा, म्हणजे तात्याराव, एसटीत होते. उस्मानाबादच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत त्यांची बावीस वर्षं गेली. तेव्हा गाव उस्मानाबादच होतं. आता पाट्या धाराशिवच्या झाल्या, तरी बाबांच्या तोंडी जुनंच नाव येतं. खिडकीशेजारी काळा फळा होता. त्यावर परंडा, येडशी, लोहारा, तुळजापूर अशी नावं पांढऱ्या रंगानं कायमची रंगवलेली, आणि वेळा खडूनं लिहिलेल्या. सुट्टीच्या दिवशी आई डबा द्यायला जायची तेव्हा श्रावस्ती सोबत जायची आणि खिडकीच्या आत लाकडी स्टुलावर बसून बघायची. माणसं येत, फळ्यासमोरून चालत येत, आणि विचारत, परंड्याची गाडी कवा हाय. बाबा सांगत. मागचा माणूस तेच ऐकून पुन्हा तेच विचारी. बाबा पुन्हा सांगत, पहिल्यांदाच सांगितल्यासारखं. ती आठ-नऊ वर्षांची असेल. तिला रागच आला होता. "फळा आहे की बाबा. मग कशाला विचारतात? वाचता येत नाही का त्यांना?" बाबांनी चहाचा कप बशीत ठेवला. "काहींना न्हाय येत. काहींना येतं बी. त्ये गाडीची वेळ न्हायत इचारत गं, फळा आज खरा हाय का ते इचारतेत." तिला तेव्हा ते काही कळलं नव्हतं. तिच्या डोक्यात एवढंच राहिलं की मोठं झाल्यावर आपण असा फळा लिहायचा की कुणाला खिडकीपाशी यावंच लागणार नाही. पुढं वाचायला लागल्यावर, शिकल्यावर, तिला लिहिलेल्या गोष्टींचं वेडच लागलं. विचारायला लागणं म्हणजे कमीपणा असं काहीतरी मनात बसलं. त्यांच्या वस्तीतल्या बायकांना ऑफिसांत, दवाखान्यांत विचारावं लागायचं, आणि विचारल्यावर समोरचा आधी पायांकडं बघून मग उत्तर द्यायचा. लिहिलेलं पान कुणाच्या पायांकडं बघत नाही. म्हणून तिनं पानं लिहिली. आणि आता त्या पानासमोर एक माणूस येऊन उभा होता, आणि पान त्याच्याशी बोलतच नव्हतं.

रविवारी तिनं पत्र पाठवलं नाही. हरकत आहे असंही कळवलं नाही. महांतप्पांनी दिलेल्या नंबरवर फोन लावला. आवाज पन्नाशीच्या आसपासचा, शांत, वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचायची सवय झालेला. ते माकणीच्या प्राथमिक शाळेत गुरुजी होते. काचबिंदूनं चार वर्षांत दोन्ही डोळे गेले, ते त्यांनी इतक्या सरळ सांगितलं की तिला अरेरे म्हणायला जागाच राहिली नाही. "तुम्ही फोनवर सांगितलंत तरी चालेल मॅडम," ते म्हणाले. "पण मला वाटतं तुम्ही एकदा बघावं, तुमचं पान मला कसं ऐकू येतं."

पुढच्या रविवारी ती निघाली. बाबांनी सवयीनं गाड्यांच्या वेळा सांगितल्या. त्यातली एक आता बंद झालेली होती, हे स्टँडवर गेल्यावर कळलं. लोहाऱ्यापर्यंत एसटी आणि पुढं काळीपिवळी. दोन्हीकडं हरभरा काढून झालेली रानं, मधेच ज्वारीच्या कडब्याच्या गंजी. तिच्या मांडीवर लॅपटॉपची पिशवी होती. आपण काय करायला चाललोय हे तिला नीट सांगता आलं नसतं. माफी मागायला, असं वाटत होतं. आणि एका अनोळखी माणसाच्या घरी जाऊन चित्रांबद्दल माफी कशी मागतात, त्याची वाक्यं जुळत नव्हती.

घर शाळेच्या मागच्या गल्लीत होतं. दारात महांतप्पांच्या पत्नी मल्लम्मा उभ्या होत्या, कपाळावर भस्माचं बोट, पदर खोचलेला. "या बाई. गाडीत लई गर्दी व्हती का?" असं म्हणून त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला, आणि आत वळून कानडीत काहीतरी सांगितलं. आतून महांतप्पा भिंतीला हात न लावता चालत आले. श्रावस्तीनं नाव सांगितलं, पूर्ण नाव, आडनावासकट. आडनाव सांगितलं की समोरच्याचा चेहरा बघायची तिला लहानपणापासूनची सवय. मल्लम्मांचा चेहरा होता तसाच राहिला. त्या चहा ठेवायला आत गेल्या आणि बाहेर आल्या ते ताटात भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन. आधी खायचं, मग काम, असं त्यांनी सांगितलं आणि तिथं दुसरं काही चालणार नव्हतं.

जेवता जेवता महांतप्पांनी सगळं सांगितलं. चौथीची सगळी पुस्तकं त्यांना पाठ होती. दिसायचं बंद झालं तरी वर्ग अडला नव्हता. पान अकरावर काय आहे, कुठल्या ओळीनंतर पान उलटायचं, सगळं डोक्यात होतं. घरी थोरली मुलगी महेश्वरी वाचून दाखवायची. "आता जूनपासून पुस्तक बदलतंय," ते म्हणाले. "आणि महेश्वरी मे महिन्यात लातूरला जाते नर्सिंगला. मुख्याध्यापक चांगले आहेत. ते म्हणाले, गुरुजी, तुम्ही आता हजेरी आन् पोषण आहाराचं बघा, वर्ग दुसरं कुणीतरी घेईल. मी त्यांना म्हणालो, जूनपर्यंत थांबा." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "वर्ग घेणं सोडलं, तर मी शाळेत जातो कशाला, ते मलाच सांगता येणार नाही."

मग त्यांनी लॅपटॉप उघडला. पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम त्यांच्याकडं होता. बोटं किल्ल्यांवर फिरली आणि एक कोरडा, घाईघाईचा आवाज बोलू लागला. इतक्या वेगानं की श्रावस्तीला पहिली काही क्षणं ती मराठी आहे हेच कळलं नाही. मग शब्द सुटे झाले आणि तिनं स्वतःची वाक्यं ओळखली. पान सात. मजकूर कसा मिळवायचा. आता चित्रात दाखवल्याप्रमाणे करा. चित्र, स्क्रीन नवीन शेवटचं दोन. लाल चौकोनातलं बटण दाबा. चित्र, स्क्रीन नवीन शेवटचं दोन खरं शेवटचं. फाइलींना घाईत दिलेली ती नावं होती. ती कुणी कधी मोठ्यानं वाचेल असं तिला स्वप्नातही वाटलं नसतं. मल्लम्मा दारात उभ्या राहून ऐकत होत्या. "ह्येच," त्या म्हणाल्या. "अकरा दिस झाले, रोज सांजंला ह्ये शेवटचं दोन ऐकतोय आमी." श्रावस्तीला हसू आलं, आणि हसता हसता ठसका लागला. मल्लम्मांनी पाणी दिलं.

तिनं किल्ल्यांनी जायचा रस्ता सांगायला सुरुवात केली. ऑल्ट दाबा, उजवा बाण दोनदा, मग खाली चारदा, एंटर. महांतप्पांनी केलं. आवाज म्हणाला, छपाई. ते तिथं असायला नको होतं. पुन्हा केलं. छपाई. श्रावस्तीनं त्यांच्या खांद्यावरून पडद्याकडं बघितलं आणि तिला कळलं. दोन वर्षांपूर्वी ते बटण तिथून हलवलं होतं. नव्या प्रोग्रामात ते दुसऱ्याच यादीत होतं. म्हणजे पान सात फक्त महांतप्पांसाठी चुकीचं नव्हतं. डोळे असलेल्यांसाठीही ते दोन वर्षं चुकीचं होतं. महिन्याला अकरा जण. दर महिन्याला अकरा जण त्या पानाशी येऊन लाल चौकोनातलं बटण शोधत होते, जे तिथं नव्हतंच, आणि आपल्यालाच काही येत नाही असं समजून मुकाट्यानं निघून जात होते. कुणीही विचारलं नाही. या एका माणसानं विचारलं, कारण त्याला चित्रच दिसत नव्हतं, आणि विचारण्यात त्याला कमीपणा वाटला नव्हता. उमाशंकरचा अकराचा आकडा तिच्या डोक्यात एकदम उलटा फिरला. वाचणारं कुणी नाही म्हणून पानं शिळी झाली असं ती इतके दिवस स्वतःला समजावत होती. ते तसं नव्हतं. पानं शिळी होती.

"गुरुजी," ती म्हणाली, "पान चुकलंय. तुमचं काही चुकलेलं नाही."

महांतप्पांनी किल्ल्यांवरून बोटं उचलली. मग म्हणाले, "हे बरं झालं. मला वाटायला लागलं होतं की आता हेही जमणार नाही."

दुपारी तीनच्या सुमाराला पुढची अडचण आली. प्रोग्राम चालू झाला, पण फोटो नीट निघेना. पान सहावर तिनं लिहिलं होतं, पान चौकटीत बरोबर बसेल असं धरा. महांतप्पा फोन धरत आणि कधी पुस्तकाचा अर्धा भाग येई, कधी चटईच. मल्लम्मा आत गेल्या आणि साड्यांचं एक उंच रिकामं खोकं घेऊन आल्या. त्यांनी ते उपडं घातलं, विळीनं एक बाजू काढून टाकली आणि वरच्या अंगाला बोटाएवढं भोक पाडलं. "ह्यात बुक ठिवा, वर फोन ठिवा. भोकातनं बघू द्या त्याला." कितव्या तरी खेपेला भोक बरोबर जागी आलं. खोक्याच्या आतल्या कोपऱ्याला पुस्तकाचा कोपरा टेकला की पान आपोआप सरळ बसत होतं. फोटो निघाला. प्रोग्राम थोडा थांबला, आणि मग तो कोरडा आवाज जुन्या चौथीच्या पुस्तकातलं पान वाचू लागला. आपल्या गावात पाजी कुठून येतं. "पाणी," महांतप्पा हसून म्हणाले. "पोरांना असली चूक मी रोज दुरुस्त करून देतो. याला पण देईन." आवाज पुढं वाचत राहिला, विहीर, तलाव, धरण, आणि ते मान किंचित तिरपी करून ऐकत राहिले. पाठ असलेलंच पान होतं. तरी ते शेवटच्या ओळीपर्यंत थांबले, आणि त्यांचा हात हळूहळू खोक्याच्या कडेवरून फिरत राहिला. मल्लम्मा खाली बसल्या आणि पदरानं चेहरा पुसला. उकाडा होता, आणि ते फक्त उकाड्याचंच होतं असं त्यांनी भासवलं.

परतीच्या गाडीत तिला खिडकीची जागा मिळाली. येडशीकडून येणारं वारं लागेपर्यंत अंग उकडत होतं, पण तिला त्याचं काही वाटलं नाही. माफी मागायची राहिलीच होती. त्याऐवजी तिच्याकडं पाठकोऱ्या कागदावर लिहिलेल्या सतरा चुका होत्या, फक्त दोन पानांमधल्या. तिला बऱ्याच वर्षांत असं हलकं वाटलं नव्हतं. आईच्या आजारपणातली दोन वर्षं तिला आतापर्यंत एक भोक वाटायची, आपल्या हातून निसटलेली, कुणाला दाखवू नये अशी. आता वाटलं, त्या दोन वर्षांत माणसाला जे करायचं असतं ते आपण करत होतो, आणि पानं तेवढा वेळ जुनी झाली, बस. जुनं झालेलं नवं करता येतं.

त्याच आठवड्यात ती उमाशंकरशी फोनवर बोलली. तो मराठी बोलायचा, सोलापुरी वळणाचं, मधेमधे कानडी शब्द पेरत. रविवारची मुदत उलटून गेली होती, पण त्यानं पानं अजून काढली नव्हती. तिनं सगळं सांगितलं, शेवटचं दोन खरं शेवटचं हेसुद्धा. तो बराच वेळ हसला. "आमच्या इंग्रजी पानांचीही तीच गत असणार," तो म्हणाला. "कुणी विचारलं नाही एवढंच." मग म्हणाला, जूनच्या दहा तारखेला नवी आवृत्ती येतेय, तोपर्यंत सगळी पानं खरी झाली पाहिजेत. "आणि श्रावस्ती, तू एकटी नको. परत कधी तुला थांबावं लागलं तर दुसरं कुणीतरी हवं." त्याला तिच्या आईबद्दल माहीत होतं हे तिला त्या वाक्यावरून कळलं.

एप्रिल असा गेला: सकाळी कॉलेज, दुपारी एक पान, संध्याकाळी पाच वाजता माकणीला फोन. ती वाचायची, महांतप्पा तिकडं तसं करून बघायचे. वर, खाली, बाजूला हे शब्द एकेक करून गेले. चित्रं तिनं काढून टाकली नाहीत, ज्यांना दिसतं त्यांच्यासाठी राहू दिली; पण प्रत्येकाखाली त्यात काय आहे ते लिहिलं, आणि चित्र पुसलं तरी काम अडणार नाही असं बघितलं. महांतप्पा गुरुजीच होते. एका वाक्यात दोन गोष्टी आल्या की थांबवत. "मॅडम, एका वेळी एक सांगा. मुलाच्या दोन हातांत दोन वस्तू दिल्या की तिसऱ्या वस्तूला तो तोंड पुढं करतो." खोक्यासाठी तिनं नवंच पान लिहिलं. साड्यांचं उंच खोकं, कुठली बाजू कापायची, भोक कडेपासून किती बोटं. ते वाचून उमाशंकरनं कळवलं, हे पान इंग्रजीत नाहीये, आता ते तुमच्याकडून तिकडं न्यावं लागेल; कोल्लमचा एकजण मल्याळममध्ये करतोय. तिनं ते बाबांना वाचून दाखवलं. बाबांनी रेडिओ बारीक केला. "म्हंजे त्या बाईचं खोकं कोल्लमला गेलं," ते म्हणाले, आणि बराच वेळ स्वतःशीच मान डोलवत राहिले.

मेच्या मध्याला माकणीचे फोन थांबले. एक दिवस, दोन दिवस; मग नऊ. घंटी वाजायची, कुणी उचलायचं नाही. नऊ पानं राहिली होती. ती एकटीनं करू शकली असती, पण बसली की हात चालेना. आपण त्यांना दमवलं, असं वाटे. एका माणसाच्या अडचणीचं आपण आपलं औषध करून घेतलं, असंही वाटून गेलं. दहाव्या दिवशी त्यांचाच फोन आला. महेश्वरीला लातूरला सोडून आलो, मग फोन घ्यायला मनच झालं नाही, ते म्हणाले. "घरात आवाजच राहिला नाही मॅडम. चार वर्षं ती वाचायची. मशीन वाचतं, पण ते कुठं थांबून विचारत नाही, बाबा, झोप आली का म्हणून." श्रावस्तीला स्वतःच्या घरातली शांतता आठवली, आई गेल्यानंतरची, जिच्यात कुणी काही सांगितलं की तिला राग यायचा. मग तिनं विचारलं, "आज करायचं का, की उद्या?" "आजच करू," ते म्हणाले. "तेविसावं राहिलं होतं."

दहा जूनला नवी आवृत्ती आली आणि एकतीस नव्हे, बत्तीस पानं तिच्यासोबत गेली. सोहळा कसलाच झाला नाही. पाचसहा जणांनी अभिनंदनाच्या ओळी टाकल्या. शाळा उघडल्यावर दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी साडेअकराला, कॉलेजच्या प्रयोगशाळेत पोरं यायच्या आधी तिनं पडदा उघडला तर एक दुरुस्ती मंजुरीसाठी येऊन थांबली होती. पाठवणाऱ्याचं नाव महांतप्पा, गाव माकणी. सकाळी सहाला पाठवलेली. पानं बदलायची रीत त्यांनी कधी शिकून घेतली, हे तिला माहीत नव्हतं; त्याचंही एक पान होतं, चोविसावं, ते त्यांनी वाचलं असणार. दुरुस्ती पहिल्या पानावर होती. त्यांनी एकच वाक्य खोडलं होतं. 'हे अगदी सोपं आहे.' आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: 'मला अकरा दिवस लागले. ज्याला जमत नसतं त्याला हे वाक्य वाचून वाटतं की बाकी सगळ्यांना जमलं. वाक्य काढलं तरी काम अडत नाही.'

ते वाक्य तिनं सहा वर्षांपूर्वी त्या उन्हाळ्यात लिहिलं होतं, शेवटच्या बाकावरच्या मुलीला धीर यावा म्हणून. तिनं मंजूर केलं. पानाच्या तळाशी त्यांचं नाव आलं. मग तिला राहवेना, तिनं फोन लावला. मल्लम्मांनी उचलला.

"गुरुजी आहेत का?"

"न्हायत बाई. शाळेत गेल्यात. फोन हितंच ठिवून जातेत, वर्गात वाजायला नको म्हणून."

"हजेरीचं बघायला?"

"न्हाय वो. चौथीचा वर्ग हाय त्यांचा. नवं बुक घिऊन गेल्यात. पहाटंधरनं खोक्याखाली घालून ऐकत बसले व्हते, दोन धडे झाले म्हणले." मग त्यांनी विचारलं, "काय सांगू का त्यास्नी?"

"काही नाही," श्रावस्ती म्हणाली. "दुरुस्ती बरोबर आहे एवढं सांगा."

पोरं जिन्यावर आली होती, त्यांचे आवाज ऐकू येत होते. तिनं सगळ्या पानांमधून 'सोपं' हा शब्द शोधायला लावला. सव्वीस ठिकाणी सापडला. पहिला वर्ग सुरू व्हायला दहा मिनिटं होती. तिनं खुर्ची पुढं ओढली आणि पहिल्या जागेपासून सुरुवात केली.